अग्निवीर होऊन निघालात? पगार, कागद आणि बराकीतलं रोजचं जगणं

रॅलीत नाव लागलं की गावात बॅनर लागतो, गुलाल उडतो, मारुतीच्या देवळासमोर नारळ फुटतो. पण पगारातून कापलेले पैसे कुठे जातात, सुट्टी किती, पाय दुखावला तर कुणाला सांगायचं, हे पोराला कुणी बसवून सांगत नाही. मी पायदळात क्लार्क म्हणून नोकरी केली. जवानांचे कागद लिहिणं हेच माझं काम होतं. आता सातारा भागात घरी असतो आणि भरती झालेल्या पोरांचे, त्याहून जास्त त्यांच्या वडिलांचे फोन येतात. प्रश्न तेच ते असतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय.

आधी मुद्द्याचं. सैन्यात तुमचा पैसा कुणी खात नाही, पण तो कागदाच्या मागून चालतो. जे कागदावर चढलं नाही ते पगार देणाऱ्या ऑफिसच्या दृष्टीने घडलेलंच नसतं. बहुतेक तक्रारींच्या मुळाशी एक न लिहिलेली तारीख किंवा एक वेगळं लिहिलेलं नाव सापडतं.

इथे मी भूदलातल्या अग्निवीरांबद्दल लिहितोय. नौदलात ट्रेनिंगला ओडिशातल्या चिल्काला जाणाऱ्यांना किंवा हवाई दलात निवड झालेल्यांना पगाराचे आकडे तेच आहेत. कागदांची नावं आणि कामाची रीत मात्र वेगळी.

१. निघण्याआधी: नाव एकच करा

आपल्याकडचा सगळ्यात मोठा घोळ नावाचा. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. वडील शाळेच्या दाखल्यावर ‘बाळासो’, आधारवर ‘बाळासाहेब’, सातबाऱ्यावर तिसरंच काहीतरी. आई एका कागदावर ‘कमल’, दुसऱ्यावर ‘कमलाबाई’. गावात यानं कुणाचं अडत नाही. सैन्यात अडतं, कारण भरतीच्या वेळी बनणाऱ्या शीट रोलवर, म्हणजे नोकरीच्या मूळ नोंदपत्रावर, जे नाव आणि जी जन्मतारीख चढते, तीच पुढे विम्यापर्यंत सगळीकडे चालते. नंतर दुरुस्ती करायची म्हणजे प्रतिज्ञापत्र, राजपत्रातली नोंद आणि महिनोन्‌महिने पत्रव्यवहार. जन्मतारीख तर बदलून मिळेल अशी आशाच धरू नका.

म्हणून दहावीचं प्रमाणपत्र मूळ धरा आणि आधार, पॅन, बँक पासबुक त्याच्याशी जुळवून घ्या. स्पेलिंगसुद्धा. आईवडिलांचं आधार आणि त्यांचं बँक खातंही याच वेळी तपासा. ती दुरुस्ती भरतीच्या गडबडीत कुणाला सुचत नाही, आणि नॉमिनी म्हणून त्यांचीच नावं लागणार असतात.

बरोबर न्यायची फाइल अशी:

- दहावी, बारावीचे मूळ मार्कशीट आणि प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला
- आधार, पॅन
- रहिवासी (डोमिसाइल) दाखला, लागू असेल तर जातीचा दाखला
- सरपंच किंवा पोलीस पाटलाचा चारित्र्याचा दाखला. तो ताजा लागतो, सहा महिन्यांपेक्षा जुना चालत नाही
- फोटो लावलेला अविवाहित असल्याचा दाखला
- एनसीसी, खेळाचं प्रमाणपत्र असेल तर, आणि वडील किंवा भाऊ सैन्यात असतील तर नात्याचा दाखला
- पासपोर्ट आकाराचे फोटो. भरपूर न्या, एकाच दिवशी काढलेले, पांढऱ्या पार्श्वभूमीचे
- बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत, रद्द केलेला चेक
- आईवडिलांच्या आधारच्या आणि पासबुकाच्या प्रती

प्रत्येक कागदाच्या किमान चार झेरॉक्स काढा, एक संच घरी ठेवा आणि सगळ्याचे स्कॅन स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा. हातात आलेलं भरतीचं पत्र शब्दन्‌शब्द वाचा. त्यात या यादीपेक्षा वेगळं काही मागितलं असेल तर पत्राचं ऐका, माझं नाही.

जे साडेसतरा-अठरा वर्षांचे आहेत त्यांच्यासाठी आणखी एक गोष्ट. तुमचं बँक खातं अज्ञान (मायनर) म्हणून उघडलेलं असू शकतं आणि पॅनकार्डावर फोटो नसू शकतो. अठरा पूर्ण झाले की दोन्ही बदलून घ्यावं लागतं. बँकेत न सांगता राहिलात तर नेमके पगार सुरू झाल्यावर खात्याचे व्यवहार अडतात.

२. पगार: हातात किती, बाजूला किती

अग्निपथ योजना १४ जून २०२२ ला जाहीर झाली. चार वर्षांची नोकरी, ट्रेनिंग त्यातच धरलेलं. म्हणजे पगार ट्रेनिंग सेंटरवर रुजू झाल्यापासून लागू होतो. महिन्याचं पॅकेज असं:

- पहिलं वर्ष: ३०,००० रुपये. हातात २१,०००, सेवानिधीत ९,०००
- दुसरं वर्ष: ३३,००० रुपये. हातात २३,१००, सेवानिधीत ९,९००
- तिसरं वर्ष: ३६,५०० रुपये. हातात २५,५५०, सेवानिधीत १०,९५०
- चौथं वर्ष: ४०,००० रुपये. हातात २८,०००, सेवानिधीत १२,०००

दर महिन्याचे हे ३० टक्के सेवानिधीत जातात आणि सरकार तेवढीच रक्कम वरून घालतं. चार वर्षांत तुमचे ५.०२ लाख, सरकारचे ५.०२ लाख, मिळून १०.०४ लाख, आणि त्यावर व्याज. बाहेर पडताना मिळणाऱ्या या पैशाला आयकर लागत नाही.

हातात येणारे आकडे जोडून बघा. चार वर्षांत जवळपास ११.७ लाख. म्हणजे तुम्ही कमावणार त्यातला जवळजवळ निम्मा पैसा शेवटच्या दिवशी एकदम येतो, आणि तोवर तो तुमच्या हाताला लागत नाही. मधेच बहिणीचं लग्न निघालं, विहीर पाडायची ठरली, तरी सेवानिधीतून उचल मिळत नाही. घरच्यांना हे निघायच्या आधीच स्पष्ट सांगा. ‘पोराला तीस हजार पगार आहे’ असं वडील गावभर सांगतात आणि पोरगं घरी पंधरा पाठवतं, मग उरलेल्याचा हिशोब मागितला जातो. ही भांडणं मी पाहिलीत.

चुलतभाऊ पाच-सात वर्षांपूर्वी भरती झाला असेल तर त्याच्या स्लिपशी तुलना करत बसू नका. तो नियमित जवान. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे शिपायाचं मूळ वेतन २१,७०० पासून सुरू होतं, त्यावर ५,२०० मिलिटरी सर्व्हिस पे आणि महागाई भत्ता. अग्निवीराला महागाई भत्ता नाही आणि मिलिटरी सर्व्हिस पे पण नाही. उलट त्याच्या पगारातून भविष्य निधी आणि आर्मी ग्रुप इन्शुरन्सची वर्गणी कापली जाते, ती तुमच्या पगारातून जात नाही. तुमचा ४८ लाखांचा जीवनविमा आहे, त्याचा हप्ता तुम्हाला भरावा लागत नाही.

पॅकेजशिवाय जोखीम आणि खडतरपणाचा भत्ता, रेशन, ड्रेस आणि प्रवास हे तुम्हालाही नियमाप्रमाणे मिळतं. त्याबद्दल पुढे सातव्या मुद्द्यात.

पहिला पगार पहिल्याच महिन्याच्या शेवटी येईल असं धरून चालू नका. सेंटरवर तुमचे कागद बनतात, रेजिमेंटच्या पीएओमध्ये, म्हणजे पगार हिशोब कार्यालयात, तुमचं खातं उघडतं, मग पैसे सुरू होतात. उशीर झाला तर मागचं सगळं एरिअर म्हणून येतं. घरून निघताना साबण, ब्रश, केस कापणं एवढ्यापुरते पैसे जवळ असू द्या.

३. बँक खातं

जिल्हा बँकेतलं किंवा पतसंस्थेतलं खातं पगारासाठी देऊ नका. वडिलांबरोबरचं जॉइंट खातंही नको. खातं एकट्याच्या नावावर, देशभर शाखा असलेल्या बँकेत. जनधन खातं अर्धवट केवायसीवर उघडलेलं असेल तर त्याला जमेची मर्यादा असते, ती बँकेत जाऊन काढून घ्या.

सैन्याचे मोठ्या बँकांशी करार आहेत आणि अग्निवीरांसाठी डिफेन्स सॅलरी पॅकेजचं खातं मिळतं. सेंटरवर बँकेची माणसं येऊन ते उघडून देतात किंवा असलेलं खातं त्यात बदलून देतात. किमान शिलकीची अट नाही, आणि सहसा अपघात विमा खात्याबरोबरच येतो. हा विमा सरकारच्या ४८ लाखांपेक्षा वेगळा. तो आहे हेच घरच्यांना ठाऊक नसतं, आणि त्याचा दावा बँकेकडे वेळेत करावा लागतो. म्हणून खातं कुठल्या पॅकेजखाली आहे ते शाखेतून लिहून घ्या आणि तो कागद घरच्या फाइलमध्ये टाका.

मोबाईल नंबरचं एक सांगतो. महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. तिकडे पोस्टिंग आली की बँकेशी आणि आधारशी जोडलेला नंबर मुका होतो, ओटीपी येत नाही आणि पोरगं घरी पैसेही पाठवू शकत नाही. युनिट तिकडे आहे असं कळलं की सुट्टीतच नंबर पोस्टपेड करून घ्या.

४. ट्रंकेत काय न्यायचं

थोडंच. वर्दी, बूट, बिस्तरा, मच्छरदानी हे सगळं किट म्हणून सेंटरवर मिळतं. न्यायचं ते: दोन साधे कपडे, आतले कपडे, टॉवेल, मजबूत कुलूप (किल्ल्या दोन), नखं कापायचं यंत्र, सुईदोरा, दाढीचं सामान, पॉलिशचा ब्रश, एक जाड वही आणि पेनं. महागडा फोन, सोन्याची साखळी, घड्याळ घरी. ट्रेनिंगमध्ये फोन जमा करून घेतात आणि ठरल्या वेळीच हातात देतात. आईनं दिलेला चिवडा-लाडवाचा डबा न्यायला हरकत नाही, पहिल्याच रात्री बराकीत संपतो.

५. सेंटरमधले दिवस

कोण कुठे जाईल ते आर्म (सैन्याची शाखा) आणि ट्रेड (कामाचा प्रकार) यांवर ठरतं. मराठा लाइट इन्फन्ट्रीची पोरं बेळगावला, तोफखान्याची नाशिक रोडला किंवा हैदराबादला, बॉम्बे सॅपर्सची खडकीला, महार रेजिमेंटची मध्य प्रदेशात सागरला, गार्ड्सची कामठीला, रणगाड्यांची आणि मेकनाइज्ड इन्फन्ट्रीची अहिल्यानगरला. ट्रेनिंग ३१ आठवड्यांचं, आधी प्राथमिक आणि मग पुढचं.

दिवस पहाटे पाचच्या आसपास सुरू होतो, पुष्कळदा त्याच्याही आधी. दाढी, बिस्तरा, फॉल-इन, पीटी. मग नाश्ता, ड्रिल, हत्यार शिकणं, वर्ग. दुपारी थोडी उसंत, संध्याकाळी खेळ, रात्री रोल कॉल. मधल्या वेळात फटीग, म्हणजे झाडलोट, गवत काढणं, सामान उचलणं. ‘मी बीएस्सी आहे’ असं कुणाला सांगू नका, झाडू सगळ्यांच्याच हातात येतो.

बोली हिंदी. बेळगावला असलात तरी हुकूम हिंदीतच. ज्यांना हिंदी बोलताना अवघडल्यासारखं होतं त्यांनी निघण्याआधी सवय करावी, कारण उस्तादाला ‘समजलं नाही’ हे सांगायची हिंमत होत नाही आणि न समजता केलेल्या गोष्टीवर रगडा मिळतो. रगडा म्हणजे शिक्षेची दौड, पुशअप, बेडूकउड्या. तो मनाला लावून घ्यायचा नाही. पण कुणी हात उचलला, पैसे मागितले, घाणेरडा त्रास दिला, तर ती शिस्त नव्हे. ते सीनिअर जेसीओला (सुभेदार वगैरे) किंवा कंपनी कमांडरला सांगायचं असतं. कधी सांगायचं? सैनिक संमेलन होतं तेव्हा उभं राहून पॉइंट देता येतो, आणि इंटरव्ह्यू मागून एकट्यानंही भेटता येतं. इंटरव्ह्यू मागणं हा तुमचा हक्क आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

लंगरचं जेवण पोटभर असतं. भाकरी विसरा, रोटी, डाळ, भात, भाजी, ठरल्या दिवशी मटण किंवा चिकन, न खाणाऱ्यांना त्याऐवजी वेगळं. कोकणातली पोरं पहिले काही दिवस भातावरच राहतात आणि मग रोटीवर येतात. भूक मरते असं वाटलं तरी ताट सोडू नका. जी पोरं संकोचानं कमी खातात तीच परेडवर चक्कर येऊन पडतात.

पहिल्या महिन्यात हमखास होणाऱ्या गोष्टी: बुटांनी पायाला फोड, नडगीत कळ, झोपमोडीचा ताप. भरतीची १६०० मीटर धावून पोरं गाफील होतात. सेंटरवर पाच किलोमीटर धावायचं असतं, तेही पुढे वजन आणि हत्यारासकट. रॅली संपली म्हणून धावणं थांबवू नका. निघेपर्यंत हळू, लांब पल्ल्याचं धावत राहा.

६. पार्ट टू ऑर्डर: हा शब्द पाठ करा

तुमच्या आयुष्यात युनिटमध्ये जे जे घडतं त्याची नोंद पार्ट टू ऑर्डरमध्ये पडते. सुट्टीवर गेलात, परत आलात, दवाखान्यात दाखल झालात, कोर्स केलात, फील्डमध्ये, म्हणजे सीमेवरच्या किंवा खडतर भागात, पोचलात, नॉमिनी बदलला. ती ऑर्डर रेकॉर्ड ऑफिसला आणि पीएओला जाते आणि तिच्यावरून पैसे सुरू होतात किंवा थांबतात. तुम्हाला ओळखणारं तिथे कुणी बसलेलं नसतं, त्यांच्यासमोर फक्त ही ऑर्डर असते.

त्यामुळे दोन प्रकारची गडबड होते. पहिली सगळ्यांना कळते: तुम्ही फील्डमध्ये पोचलात, नोंद पडली नाही, भत्ता आला नाही. दुसरी लबाड असते. तुम्ही फील्डमधून खाली आलात, ती नोंद उशिरा पडली, आणि भत्ता खात्यात येतच राहिला. पोरगं खुश. मग एक दिवस पगारच निम्म्याहून कमी येतो, कारण रिकव्हरी लागली. जादा आलेले पैसे सरकार परत घेतंच. हक्कापेक्षा जास्त जमा झालेलं दिसलं तर खर्च करू नका, कंपनी क्लार्कला जाऊन विचारा.

करायचं एवढंच:

- वहीत तारखा लिहा. कुठे, कधी पोचलो, कधी निघालो, दवाखान्यात कधी दाखल, कधी सुटलो, सुट्टी कधीपासून कधीपर्यंत.
- दर महिन्याला पे स्लिप बघा. हमराज ॲपवर ती दिसते, आणि पार्ट टू ऑर्डर पडली की नाही तेही कळतं. ॲप कुठून घ्यायचं ते युनिटमध्येच विचारा. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या लिंकवरून काहीही उतरवू नका.
- स्लिपवर सेवानिधीची कपात दर महिन्याला आहे ना ते बघा. वर्ष बदललं की पॅकेज वाढलं का, तेही.
- काही चुकलं असेल तर तोंडी सांगून थांबू नका. साध्या कागदावर अर्ज, तारखेसकट, आणि त्याची एक प्रत स्वतःकडे.

क्लार्कशी नीट वागा. मी क्लार्क होतो म्हणून म्हणत नाही (थोडं म्हणतोही). एका कंपनीच्या क्लार्कच्या टेबलावर शंभरावर माणसांचे कागद असतात. जो तारखा घेऊन येतो त्याचं काम आधी होतं, जो ‘मेरा पैसा किधर है’ म्हणत येतो त्याचं मागे पडतं.

७. युनिट: फील्ड आणि पीस

ट्रेनिंग संपून कसम परेड झाली की युनिट मिळतं. युनिटं आलटूनपालटून पीसमध्ये, म्हणजे छावणीच्या शहरात, आणि फील्डमध्ये असतात. पीसमध्ये बराक, पंखा, मैदान, बाजार जवळ. कामाचा कंटाळा जास्त, भत्ता कमी. फील्डमध्ये बंकर, बर्फ किंवा जंगल, रात्रीच्या ड्युट्या, नेटवर्क असेलच असं नाही, आणि हातात पैसे जास्त.

जोखीम-खडतर भत्ता जागेप्रमाणे बदलतो. सगळ्यात वरचा सियाचीनचा. सातव्या वेतन आयोगानंतर तो जवानांसाठी महिना ३०,००० रुपये ठरला. बाकी ठिकाणचे त्याच्या खाली, उतरत्या पायऱ्यांनी.

इथे सापळा कर्जाचा आहे. फील्डमध्ये असताना खात्यात मोठी रक्कम येते, त्या जोरावर पोरगं मोटारसायकल, मग घरी ट्रॅक्टरचा हप्ता अंगावर घेतं. युनिट खाली आलं की भत्ता बंद, हप्ता चालू. भत्ता तुमचा पगार नाही असंच धरा. कुठलंही कर्ज घेतलंत तर त्याची मुदत तुमच्या उरलेल्या नोकरीच्या आत संपली पाहिजे. सेवानिधी येईल तेव्हा फेडू, या हिशोबावर तर कर्ज घेऊच नका. आणि फोनवरची झटपट कर्जाची ॲप आणि पैसे लावायचे खेळ, यांच्यापासून चार हात लांब.

फोन हातात आला की आणखी एक काळजी. युनिट कुठे आहे, कधी हलणार, गेटचा, गाडीचा, हत्याराचा फोटो, यातलं काही कुणाला पाठवायचं नाही, घरच्यांनासुद्धा. अनोळखी मुलीची फ्रेंड रिक्वेस्ट आली तर ती तुमच्या रूपावर भाळून आलेली नाही. २०२० मध्ये सैन्यानं फेसबुक, इन्स्टाग्रामसकट ८९ ॲप काढून टाकायला सांगितली होती. कुठलं ॲप चालतं याचा सध्याचा हुकूम युनिटच्या नोटीसबोर्डावर असतो, तो पाळा.

८. सुट्टी आणि प्रवास

अग्निवीराला वर्षाला ३० दिवस सुट्टी. आजारपणाची वेगळी, डॉक्टरच्या सल्ल्यानं. नियमित जवानाला ६० दिवस वार्षिक आणि ३० दिवस कॅज्युअल असतात, म्हणून गावातला फौजी दोनदोन महिने दिसतो आणि तुम्ही दिसणार नाही.

युनिटमधून एका वेळी ठराविकच माणसं सुट्टीवर सुटतात. मराठी पोरांच्या कंपनीत गणपती, दिवाळी आणि गावची यात्रा यांना सगळ्यांनाच घरी जायचं असतं. वर्षाच्या सुरुवातीला सुट्टीचा प्लॅन बनतो तेव्हाच नाव द्या आणि तीस दिवस दोन तुकड्यांत घ्या. एकदम सगळी सुट्टी घेऊन बसलात आणि नंतर घरात काही झालं तर हातात काही उरत नाही.

तिकिटासाठी रेल्वे वॉरंट किंवा युनिटमधून डिफेन्स ट्रॅव्हल सिस्टीमवर काढलेलं तिकीट मिळतं. कुठल्या सुट्टीला कोणती सवलत ते सुट्टी मंजूर होतानाच विचारून घ्या. मोठ्या स्टेशनांवर एमसीओ, म्हणजे सैनिकांच्या प्रवासाचं काम बघणारं ऑफिस असतं, सैन्याच्या कोट्यातल्या जागेसाठी तिथे जायचं. ओळखपत्र आणि सुट्टीचं सर्टिफिकेट खिशात, बॅगेत नाही. गाडीत अनोळखी माणसाकडून चहाबिस्कीट घेऊ नका. पगार घेऊन घरी निघालेला फौजी चोरांना लांबून ओळखू येतो.

परत वेळेत पोचणं हा या सगळ्यातला कळीचा भाग. एक दिवस उशीर म्हणजे ओव्हरस्टे. त्या दिवसांचा पगार जातो, शिक्षा होते, आणि ती नोंद तुमच्या रेकॉर्डवर बसते. सलग ३० दिवस गैरहजर राहिलात तर कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसते आणि तुम्हाला पळपुटा ठरवलं जाऊ शकतं. दरड कोसळून गाडी अडली तर लगेच युनिटला फोन करा आणि जवळच्या एमसीओकडे किंवा स्टेशन हेडक्वार्टरमध्ये जाऊन तशी नोंद करून घ्या. सुट्टीत आजारी पडलात तर जवळचं मिलिटरी हॉस्पिटल गाठा. पुण्यात कमांड हॉस्पिटल आहे, खडकी, देवळाली, अहिल्यानगर, कामठी, बेळगाव इथे एमएच आहेत, मुंबईत नौदलाचं अश्विनी. गावच्या डॉक्टरचं ‘पंधरा दिवस विश्रांती’ असं सर्टिफिकेट घेऊन उशिरा पोचलात तर ते कुणी मानणार नाही. जीवावर बेतलं म्हणून खाजगी दवाखान्यात जावं लागलं तर त्याच दिवशी युनिटला कळवायचं.

९. कँटीन

नोकरीत असेपर्यंत सीएसडी कँटीन वापरता येतं. सामान बाजारापेक्षा स्वस्त पडतं, पण मर्यादा ठरलेली असते. गावाकडून यादी येते, विशेषतः बाटल्यांची. नाही म्हणायला शिका. कार्ड दुसऱ्याला देणं, घेतलेला माल विकणं यावर कारवाई होते, आणि सरपंचांची पार्टी तुमच्या रेकॉर्डपेक्षा महत्त्वाची नाही.

१०. दुखापत लपवू नका

पोरं दुखणं लपवतात. सिक रिपोर्ट केलं तर बॅच मागे पडेल, ‘कामचोर’ म्हणतील ही भीती. नडगीत सतत एकाच जागी दुखत असेल तर ते हाडाला गेलेली बारीक चीर असू शकते. लवकर दाखवलं तर काही आठवड्यांची विश्रांती. ताणत राहिलात तर हाडच मोडतं आणि कदाचित नोकरीही जाते. बॅच मागे पडली तरी पुढच्या बॅचबरोबर निघता येतं.

सकाळी एमआय रूमला, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात, नाव द्यायचं. औषध घेऊन परत येताना काय लिहिलंय ते वाचा. ड्युटीवर किंवा खेळताना लागलं असेल तर इंजुरी रिपोर्ट बनला का, हे विचारा. पुढे अपंगत्व ठरवायची वेळ आली तर ती दुखापत सेवेमुळे झाली का, हा पहिला प्रश्न असतो आणि त्याचं उत्तर या रिपोर्टवर अवलंबून असतं. सेवेमुळे आलेल्या अपंगत्वाला अग्निवीराला एकरकमी मदत आहे: १०० टक्क्यांना ४४ लाख, ७५ ला २५ लाख, ५० ला १५ लाख. सुट्टीत मोटारसायकलवरून पडलात तरी तेही कळवायचं, लपवायचं नाही.

११. हा भाग आईवडिलांनी वाचावा

घरी एक फाइल ठेवा. त्यात मुलाचा आर्मी नंबर, युनिटचं पूर्ण नाव आणि पत्ता, रेकॉर्ड ऑफिसचा पत्ता, कंपनीचा फोन, बँक खात्याची माहिती, सगळ्या कागदांच्या प्रती. आर्मी नंबर पाठच करा. तो सांगितल्याशिवाय तुमचं पत्र योग्य टेबलावर पोचत नाही.

नॉमिनी कोण लावलाय ते मुलाला विचारा. विमा, सेवानिधी, बँक खातं या तिन्ही ठिकाणी नॉमिनी स्वतंत्रपणे भरावा लागतो. ज्याचं नाव लावलं त्याचं आधार आणि खातं जुळतंय ना, हे बघा.

वाईट बोलायला जीभ वळत नाही, पण माहिती असावी. अग्निवीराचा नोकरीत मृत्यू झाला तर ४८ लाखांचा विमा मिळतो. मृत्यू सेवेमुळे असेल तर त्यावर ४४ लाख सानुग्रह मदत, चार वर्षांतला उरलेला पगार आणि सेवानिधी. ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्या बुलढाणा जिल्ह्यातला एक अग्निवीर सियाचीनवर गेला, तेव्हा सैन्यानं हेच आकडे जाहीर केले होते, आणि त्यात युद्धहानी निधीतले ८ लाख वेगळे होते. नियमित जवानाच्या घरी सुरू होते तशी फॅमिली पेन्शन यात नाही. अशा वेळी मदत करतो म्हणून दारात येणाऱ्या मध्यस्थाला काहीही सही करून देऊ नका. युनिटचा माणूस आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, यांच्याशीच बोला.

बांधावरून भाऊबंदकी, कोर्टाची तारीख, शेजाऱ्याचा त्रास अशा गोष्टींसाठी मुलाला फोनवर रडून बोलावू नका. त्यानं युनिटमध्ये अर्ज दिला तर कमांडिंग ऑफिसरच्या सहीचं पत्र जिल्हाधिकाऱ्यांना जातं. न्याय तिथेच होतो असं नाही, पण फाइल हलते.

१२. चार वर्षं संपताना

बॅचमधल्या जास्तीत जास्त २५ टक्के मुलांना नियमित सेवेत घेतात, आणि त्यांची पुढे किमान १५ वर्षं नोकरी होते. निवड चार वर्षांतल्या कामगिरीवर, चाचण्यांवर, शिस्तीवर. ‘दोन लाख द्या, पर्मनंट करून देतो’ म्हणणारा माणूस भेटणारच. तो कितीही कडक इस्त्रीत आला तरी भामटा आहे. नियमित झालात तर सेवानिधीतला फक्त स्वतःचा वाटा व्याजासह मिळतो, सरकारचा नाही. मधेच स्वतःच्या मागणीवरून बाहेर पडलात तरी तसंच.

बाकीचे बाहेर पडतात. त्यांना पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही, म्हणून ईसीएचएसचे, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे, उपचार आणि कँटीनही नाही. हे कटू आहे, पण पहिल्या दिवशी माहीत असलेलं बरं. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत अग्निवीरांसाठी १० टक्के जागा आणि वयात सवलत २०२२ लाच जाहीर झाली आहे. दहावीवर भरती झालेल्यांना नोकरीतच एनआयओएस या मुक्त शाळेतून बारावी करता येते, आणि पदवीसाठी इग्नूचा खास अभ्यासक्रम आहे. नाव पहिल्या-दुसऱ्या वर्षातच घाला. चौथ्या वर्षी पुस्तक उघडायला वेळ आणि डोकं दोन्ही नसतं.

निघताना या गोष्टी हातात घेतल्याशिवाय गेट ओलांडू नका: सेवेचं प्रमाणपत्र, स्किल सर्टिफिकेट, शेवटची पे स्लिप, सेवानिधीचा हिशोब, मेडिकलचे कागद आणि शिक्षणाची मूळ प्रमाणपत्रं. सेवानिधी आणि शेवटचं एरिअर खात्यात पूर्ण जमा होईपर्यंत पगाराचं खातं बंद करू नका, आणि त्याला जोडलेला मोबाईल नंबरही चालू ठेवा.